महामारीने प्रेम शिकवलं नाही

एड्सने समलिंगी पुरुषांना प्रेम करायला शिकवलं, हे विधान आता इतक्या सहजपणे केलं जातं की त्याला कुणी पुरावा मागत नाही. गोष्ट साधारण अशी सांगितली जाते. १९६९च्या स्टोनवॉल उठावानंतर अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत समलिंगी पुरुषांना मोकळीक मिळाली. बाथहाउस, बार आणि अनोळखी देह यांतच त्यांनी ती उधळली. १९८१मध्ये रोग आला, तरणीताठी माणसं मरू लागली आणि मरणाच्या धाकाने उरलेले शहाणे झाले. ते एकमेकांची शुश्रूषा करू लागले, एकनिष्ठ झाले आणि अखेर लग्नाचा हक्क मागण्याइतके प्रौढ झाले. महामारीतून समलिंगी पुरुष जबाबदारीची जाण घेऊन बाहेर पडले, हा सूर अँड्र्यू सलिव्हन यांनी नोव्हेंबर १९९६मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकातल्या दीर्घ लेखात लावला. सलिव्हन स्वतः एचआयव्हीबाधित होते, त्यांनी मित्र गमावले होते आणि त्यांच्या लेखातला शोक खरा आहे. पण पुढे ज्यांनी हा सूर उचलला त्यांच्याकडे तो शोक उरला नाही, निष्कर्ष तेवढा उरला. हा निष्कर्ष इतिहास म्हणून चुकीचा आहे आणि नीतीच्या दृष्टीने घातक आहे. रोगाशी लढताना जी माया, जी शिस्त आणि जी संघटनशक्ती दिसली, ती आधीच्याच जगातून आली होती. ज्या जाळ्यांतून विषाणू पसरला, त्याच जाळ्यांतून माहिती, पैसा आणि काळजीही पसरली. रोगाने दिलं म्हणून जे सांगितलं जातं त्यातलं बहुतेक आधीपासूनच होतं, आणि रोगाने जे नेलं ते परत आलेलं नाही.

आधीचं जग म्हणजे नुसती देहाची जत्रा, हे चित्र आधी तपासू. सरकारी दवाखान्यात अपमान ठरलेला, म्हणून वॉशिंग्टनमध्ये १९७३ साली आणि शिकागोत १९७४ साली समलिंगी पुरुषांनी आपल्या लोकांसाठी गुप्तरोगांचे दवाखाने सुरू केले. त्यांतून व्हिटमन-वॉकर आणि हॉवर्ड ब्राउन या आजही चालणाऱ्या आरोग्यसंस्था उभ्या राहिल्या. न्यूयॉर्कमध्ये १९७८ साली वुल्फ श्मुनेस या साथरोगतज्ज्ञाने हिपॅटायटिस बीच्या लसीची चाचणी सुरू केली, तेव्हा १,०८३ समलिंगी पुरुष स्वखुशीने तिच्यात सामील झाले. निम्म्यांना लस मिळणार, निम्म्यांना नुसतं निरुपद्रवी इंजेक्शन. आपल्या वाट्याला काय आलं ते कुणालाच कळणार नाही, तरी पुन्हा पुन्हा येऊन रक्त द्यायचं. आज आपल्याकडे बाळ जन्मलं की चोवीस तासांच्या आत त्याला हिपॅटायटिस बीची लस टोचतात. अशी लस माणसांत उपयोगी पडते याचा पहिला भक्कम पुरावा या पुरुषांच्या दंडांवर मिळाला, हे फार थोड्यांना माहीत असतं. त्याच सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी क्लिनिकमध्ये सहा हजारांहून अधिक पुरुषांनी हिपॅटायटिसच्याच अभ्यासासाठी रक्त दिलं. ते नमुने गोठवून ठेवले होते, म्हणूनच एचआयव्ही त्या शहरात केव्हा शिरला आणि किती वेगाने पसरला हे नंतर मागे जाऊन मोजता आलं. ज्यांना बेजबाबदार म्हटलं जातं, त्यांनी रोगाचं नावही निघालं नव्हतं तेव्हा हे केलं होतं. लग्नाचंही तेच. जॅक बेकर आणि मायकेल मॅककॉनेल यांनी मिनिॲपोलिसमध्ये विवाहाच्या परवान्यासाठी अर्ज केला तो १९७० साली. सर्वोच्च न्यायालयाने त्यांचं प्रकरण एका ओळीत निकालात काढलं १९७२ साली. एड्सची पहिली नोंद व्हायला तेव्हा आणखी नऊ वर्षं होती.

आता खुद्द महामारीकडे येऊ. सुरक्षित संभोगाची कल्पना कुणी काढली? आज ती डॉक्टरांनी आणि सरकारांनी शिकवली असं धरून चालतात. सॅन फ्रान्सिस्कोत ‘सिस्टर्स ऑफ परपेच्युअल इंडल्जन्स’ या, पुरुषांनी जोगिणींचा वेष घालून चालवलेल्या गटाने १९८२मध्येच लैंगिक आरोग्यावर पुस्तिका छापून वाटली होती. मे १९८३मध्ये न्यूयॉर्कमध्ये मायकेल कॅलन आणि रिचर्ड बर्कोविट्झ यांनी डॉक्टर जोसेफ सोनाबेंड यांच्या मार्गदर्शनाखाली महामारीच्या काळात संभोग कसा करावा हे सांगणारी सुमारे चाळीस पानांची पुस्तिका काढली. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या संशोधकांनी नव्या विषाणूवरचा आपला पहिला निबंध प्रसिद्ध केला तोही त्याच महिन्यात, आणि तो एड्सला कारणीभूत आहे हे सर्वमान्य व्हायला पुढे वर्ष गेलं. कॅलन आणि बर्कोविट्झ दोघेही आजारी होते. दोघांचं लैंगिक आयुष्य भरगच्च होतं आणि बर्कोविट्झ तर पैसे घेऊन संभोग करणारे. रोगाच्या कारणाबद्दलचा त्यांचा अंदाज चुकला, पण कोणत्या कृतीतून कोणता द्रव कुठे जातो याचा बारकाईने विचार करून त्यांनी जो सल्ला दिला तो टिकला. कंडोम वापरा, हा त्यातला गाभा. याहून महत्त्वाचं म्हणजे त्या पुस्तिकेत प्रेमावर लिहिलेलं आहे. ज्याच्याशी एकच रात्र काढायची त्याच्याबद्दलही आपुलकी असेल तर त्याला आजारी पाडावंसं आपल्याला वाटणार नाही, असा तिचा युक्तिवाद आहे. एका रात्रीच्या ओळखीतही जबाबदारी असू शकते, हे सांगायला त्यांना एकनिष्ठेची दीक्षा घ्यावी लागली नाही. त्यांनी आपल्या अनुभवातूनच ते काढलं, कारण शरीराबद्दल न लाजता, नेमकं बोलण्याची सवय त्याच जगाने त्यांना लावली होती.

आणि परिणाम काय झाला ते आकड्यांत आहे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका मोठ्या अभ्यासात समलिंगी पुरुषांमधलं नव्या संसर्गाचं वार्षिक प्रमाण १९८२ ते १९८४ या काळात सुमारे १८ टक्के होतं, ते १९८६पर्यंत ५ टक्क्यांच्या खाली आलं. इतक्या थोड्या वेळात इतक्या मोठ्या समूहाने आपली सर्वांत खासगी वागणूक बदलल्याची उदाहरणं सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात फारशी नाहीत. संघराज्य सरकारने घरोघरी एड्सची माहितीपत्रकं पाठवली ती १९८८मध्ये. अध्यक्ष रेगन यांनी या विषयावर पहिलं मोठं भाषण केलं मे १९८७च्या अखेरीस, तोवर २० हजारांहून अधिक अमेरिकन माणसं मेली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सिनेटने ९४ विरुद्ध २ मतांनी ठरवलं की समलिंगी संबंधांना उत्तेजन देणाऱ्या एड्सविषयक साहित्यावर सरकारी पैसा खर्च करायचा नाही. म्हणजे जे शब्द माणसं वाचवत होते, त्यांनाच अश्लील ठरवून पैसा बंद केला. बेजबाबदारपणाचा आरोप करायचाच असेल तर तो कुठे करायला हवा हे यावरून उघड आहे.

यावरचा सर्वांत जड आक्षेप गॅब्रिएल रोटेलो यांनी १९९७च्या ‘सेक्शुअल इकॉलॉजी’ या पुस्तकात मांडला, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. अनेक जोडीदार, तेच तेच बाथहाउस, एकमेकांत गुंतलेली जाळी यांमुळे विषाणूला वेग मिळाला, असं ते म्हणतात. हे खरं आहे, आणि ते मान्य करायला कचरू नये. ऑक्टोबर १९८४मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने बाथहाउस बंद करण्याचा आदेश काढला तेव्हा समलिंगी चळवळीत उभी फूट पडली, आणि दोन्ही बाजूंना जीव वाचवू पाहणारी माणसं होती. पण प्रसाराचा वेग कशाने वाढला हा एक प्रश्न आणि रोगाला जबाबदार कोण हा दुसरा. या दोहोंची गल्लत झाली की काय होतं, याचं उदाहरण म्हणजे गाएतान द्युगा. रँडी शिल्ट्स यांच्या १९८७च्या पुस्तकाने या कॅनडियन विमानसेवकाला ‘पेशंट झीरो’ म्हणून जगभर कुप्रसिद्ध केलं. मुळात अभ्यासकांनी त्याच्या नोंदीपुढे इंग्रजी ‘ओ’ लिहिला होता, कॅलिफोर्नियाबाहेरचा एवढ्याच अर्थाने, आणि तो शून्य म्हणून वाचला गेला. २०१६मध्ये जुन्या रक्तनमुन्यांतल्या विषाणूची जनुकीय तपासणी झाली तेव्हा दिसलं की विषाणू न्यूयॉर्कमध्ये १९७०च्या सुमारासच पोचला होता आणि द्युगाच्या शरीरातला विषाणू त्या साखळीच्या मुळाशी नव्हता. १९८४ साली वारलेल्या त्या माणसाचं नाव तोवर तीस वर्षं काळं झालेलं होतं. विलासाची शिक्षा म्हणून रोगाकडे पाहायचं एकदा ठरलं की त्या कथेला एक विलासी खलनायक लागतोच.

वागणूक सुधारली की रोग हटतो, हा या कथेचा पाया. तो कृष्णवर्णीय समलिंगी पुरुषांच्या आकडेवारीपुढे कोसळतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१६मध्ये अंदाज दिला की तेव्हाची परिस्थिती तशीच राहिली तर दर दोन कृष्णवर्णीय समलिंगी पुरुषांपैकी एकाला आयुष्यात कधीतरी एचआयव्ही होईल. गोऱ्यांमध्ये हेच प्रमाण अकरांत एक. आता कुणी म्हणेल, त्यांची वागणूक वाईट असेल. ग्रेगोरिओ मिलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६मध्ये आणि पुन्हा २०१२मध्ये अनेक अभ्यास एकत्र ठेवून नेमकं हेच तपासलं. निष्कर्ष असा, की कृष्णवर्णीय समलिंगी पुरुषांची वागणूक गोऱ्यांपेक्षा अधिक जोखमीची नाही आणि त्यांच्या जोडीदारांची संख्याही जास्त नाही. फरक आहे तो विमा, दवाखाना, वेळेवर तपासणी आणि औषध यांत, आणि ज्या वस्तीत आधीच संसर्ग दाट आहे तिथेच जोडीदार शोधावा लागतो यात. धडा ज्यांनी सर्वांत नीट पाळला त्यांनाच सर्वांत जास्त शिक्षा होत असेल, तर तो धडाच नव्हता. तरीही प्रौढ झालेल्या समलिंगी पुरुषाच्या कथेत हे लोक जवळजवळ नसतात. जोसेफ बीम १९८८मध्ये गेले, मार्लन रिग्ज १९९४मध्ये, एसेक्स हेम्फिल १९९५मध्ये. कृष्णवर्णीय समलिंगी पुरुषांच्या प्रेमाविषयी बोलणारी एक अख्खी पिढी इतक्या थोड्या वर्षांत संपली, आणि या कथेला त्यांची उणीवही भासत नाही.

दुसरा आक्षेप घरातूनच येतो. लॅरी क्रेमर यांनी १९७८मध्येच आपल्या कादंबरीतून समलिंगी पुरुषांच्या देहलोलुपतेवर कोरडे ओढले होते. मार्च १९८३मध्ये न्यूयॉर्क नेटिव्ह या वृत्तपत्रात त्यांनी मृतांची आणि आजाऱ्यांची मोजदाद मांडून सगळ्यांना खडबडून जागं केलं. चळवळीचा हा सर्वांत मोठा आवाजच जर तसं म्हणत होता, तर इतरांनी का म्हणू नये? क्रेमर यांच्याबद्दल मला अपार आदर आहे. पण त्यांच्या मताला त्यांच्या कामानेच उत्तर दिलं आहे. त्यांच्या भाषणातून मार्च १९८७मध्ये ॲक्ट अप ही संघटना जन्मली. एझेडटी या पहिल्या औषधाला त्याच महिन्यात मंजुरी मिळाली होती आणि त्याचा वर्षाचा खर्च सुमारे १० हजार डॉलर होता, म्हणून पहिला मोर्चा गेला वॉल स्ट्रीटवर. ऑक्टोबर १९८८मध्ये त्यांनी अन्न व औषध प्रशासनाच्या मुख्यालयाला वेढा दिला. चाचणीचे आराखडे, औषधांची रसायनं, मंजुरीचे नियम यांचा या लोकांनी घरी बसून अभ्यास केला आणि शास्त्रज्ञांना आपल्याशी बोलायला भाग पाडलं. पण दर सोमवारी संध्याकाळी थर्टीन्थ स्ट्रीटवर भरणाऱ्या त्यांच्या सभा आणखी एका गोष्टीसाठी प्रसिद्ध होत्या. तिथे माणसं एकमेकांना हेरायची, प्रेमात पडायची, सभेनंतर बरोबर घरी जायची. आठवड्याला कुणाची तरी अंत्ययात्रा असे, आणि त्याच खोलीत वासनाही जिवंत असे. एप्रिल १९८८मध्ये त्यांनी भर रस्त्यावर चुंबनांचं आंदोलन केलं. त्या संघटनेची ताकद वासना आवरल्यामुळे आली असं म्हणायला काहीच आधार नाही. एकमेकांच्या ओढीनेच माणसं त्या खोलीत पुन्हा पुन्हा येत होती. जून १९८३मध्ये डेन्व्हरला जमलेल्या एड्सग्रस्तांनी आपला जाहीरनामा काढला, त्यातही आपल्याला बळी म्हणू नका या मागणीबरोबर इतर कुणाइतकंच भरलेलं लैंगिक आणि भावनिक आयुष्य जगण्याचा हक्क नोंदवलेला आहे. मरायला टेकलेली माणसं हे लिहीत होती.

शुश्रूषेकडे पाहिलं तर हेच दिसतं. जानेवारी १९८२मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘गे मेन्स हेल्थ क्रायसिस’ स्थापन झाली, तिची पहिली हेल्पलाइन एका स्वयंसेवकाच्या घरच्या फोनवर चालायची. तिचे ‘बडी’ अनोळखी आजाऱ्यांच्या घरी जाऊन स्वयंपाक करत, कपडे धूत, कुत्रा फिरवून आणत, शौचाला नेत. सॅन फ्रान्सिस्को जनरल हॉस्पिटलमध्ये जुलै १९८३मध्ये ५बी हा वॉर्ड उघडला. तिथल्या परिचारिकांनी स्वतःहून तिथे काम मागून घेतलं होतं, त्या रुग्णाचा हात हातमोज्याविना धरत, आणि भेटायला कुटुंबीय म्हणून कोण येईल ते रुग्णाने ठरवायचं असा तिथला नियम होता. समलिंगी पुरुषांना रक्त देता येईना तेव्हा सॅन डिएगोतल्या लेस्बियन स्त्रियांनी ‘ब्लड सिस्टर्स’ म्हणून रक्तदानाच्या रांगा लावल्या. जे हात उशाशी होते त्यांत नवरा म्हणावा असा जोडीदार एखादाच असे. बाकीचे मित्र, कधीकाळचे प्रियकर, प्रियकराचे प्रियकर. एका रात्रीतून सुरू होऊन पुढे वर्षानुवर्षं टिकलेल्या मैत्रीचं जे विस्तीर्ण गोत आधीच्या दशकात तयार झालं होतं, त्यानेच हा भार उचलला. कायद्याला मात्र यातलं काहीच दिसत नव्हतं. न्यूयॉर्कमध्ये मिगेल ब्राशी आपल्या जोडीदारासोबत दहा वर्षांहून अधिक काळ ईस्ट फिफ्टी-फोर्थ स्ट्रीटवरच्या भाडेनियंत्रित घरात राहत होते. १९८६मध्ये जोडीदार वारला आणि घरमालकाने त्यांना बाहेर काढायला सुरुवात केली, कारण भाडेपट्टा मृताच्या नावावर होता. १९८९मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाने निकाल दिला की भाडेकायद्यापुरतं हेही कुटुंबच आहे. त्या निकालातून विवाहहक्काच्या दिशेने वाट गेली, हे खरं. पण तो खटला जिंकला तो आधीच्या दहा वर्षांच्या एकत्र संसारावर, सामायिक खात्यांवर, दोघांच्या नातेवाइकांच्या साक्षींवर. महामारीने तो संसार निर्माण केला नाही, फक्त कायद्यापुढे उघडा पाडला. आणि लग्नाचा हक्क मिळाल्यावरही उशाशी बसलेल्या त्या मित्राला, त्या जुन्या प्रियकराला कायद्यात नाव मिळालेलं नाही.

रोगाने नेलं काय, याचा हिशेब या कथेत कधीच पुरता होत नाही. १९९५च्या अखेरपर्यंत अमेरिकेत एड्सने तीन लाखांहून अधिक माणसं मेली, त्यांत निम्म्याहून अधिक समलिंगी पुरुष. फेलिक्स गोन्झालेझ-टोरेस या कलावंताने आपला प्रियकर रॉस लेकॉक गेला त्या वर्षी, १९९१मध्ये, केलेली एक रचना शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. कोपऱ्यात भिंतीला टेकून रंगीत चकचकीत कागदांत गुंडाळलेल्या गोळ्यांचा ढीग. आदर्श वजन १७५ पौंड, म्हणजे सुमारे ७९ किलो. रॉसच्या निरोगी शरीराचं ते वजन, असा त्याचा अर्थ लावला जातो. येणाऱ्याने एक गोळी उचलावी, कागद सोडवावा, तोंडात टाकावी. ढीग कमी कमी होत जातो आणि संग्रहालयाने तो पुन्हा भरायचा. एड्सने एक शरीर कसं झिजवलं ते इथे दिसतं, पण त्याच वेळी ते शरीर गोड आहे, तोंडात विरघळतं, अनोळखी माणसांत वाटलं जातं. प्रेम आणि वासना या माणसाने वेगळ्या केल्या नाहीत, मृत्यूनंतरही नाही. गोन्झालेझ-टोरेस स्वतः जानेवारी १९९६मध्ये एड्सने वारले. त्याच वर्षी जुलैमध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेत संयुक्त औषधोपचारांचे निष्कर्ष जाहीर झाले. काही महिन्यांचा फरक. जे वाचले त्यांच्या वासनेत भीती मुरली आणि ती औषधांनीही लवकर निघाली नाही. वयात येतानाच स्पर्श आणि मरण ज्यांच्या मनात एकत्र गुंफले गेले, ते पुरुष आज पन्नाशी-साठीत आहेत. २०१२मध्ये संसर्ग टाळणाऱ्या रोजच्या गोळीला अमेरिकेत मान्यता मिळाली, तेव्हा ती घेणाऱ्यांना स्वैर म्हणून हिणवलं गेलं, आणि हिणवणाऱ्यांत समलिंगी पुरुषही होते. २०१९मध्ये ‘पार्टनर’ अभ्यासाचा निष्कर्ष आला. जोडीतला एक बाधित पण औषधाने विषाणू आटोक्यात असलेला, दुसरा अबाधित, अशा ७८२ समलिंगी जोड्या, कंडोमविना सुमारे ७६ हजार संभोग, आणि जोडीदाराकडून झालेला संसर्ग शून्य. इतकं निःसंदिग्ध उत्तर विज्ञान क्वचित देतं. तरीही भीतीलाच सद्गुण मानणाऱ्यांना ते पटत नाही, कारण भीती गेली तर त्यांचा धडाही जातो.

कुणी म्हणेल, वाईटातून काही चांगलं शोधणं हा माणसाचा धर्म आहे, त्यात एवढं चिडायचं काय? शोकात बुडालेल्याने स्वतःसाठी तसा अर्थ लावला तर मला काही म्हणायचं नाही. पण समाजाने तो लावला की मेलेली माणसं ही उरलेल्यांच्या शिक्षणाची फी होऊन बसतात. सरकारने औषध लांबवलं, पैसा अडवला, माहिती दाबली, हे सगळं मग त्या शिक्षणाचा भाग ठरतं आणि कुणीच जबाब देणं लागत नाही.

आपल्याकडे ही कथा वेगळ्या वाटेने शिरली. मुंबईत अशोक राव कवी यांनी ‘बॉम्बे दोस्त’ सुरू केलं १९९०मध्ये, हमसफर ट्रस्ट आला १९९४मध्ये, आणि दिल्लीत एड्स भेदभाव विरोधी आंदोलनाने समलिंगी माणसांच्या स्थितीवर अहवाल काढला १९९१मध्ये. म्हणजे इथेही आधी माणसं एकत्र आली, एचआयव्हीचा मोठा निधी नंतर. पण निधी आला तो एका अटीवर. समलिंगी पुरुष सरकारी कागदावर प्रथम आला तो ‘अतिजोखमीचा गट’ म्हणून, ‘एमएसएम’ (पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष) या तीन अक्षरांत. त्याचं प्रेम कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. त्या तीन अक्षरांच्या आडोशाने दवाखाने, समुपदेशन, बसायला एक खोली मिळाली आणि त्यातून हजारो जीव वाचले, याबद्दल कृतज्ञताच हवी. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७विरुद्ध नाझ फाउंडेशनने २००१मध्ये याचिका केली, तिचा पायाही एड्सप्रतिबंध हाच होता. दिल्ली उच्च न्यायालयात आरोग्य खात्याची एड्स नियंत्रण संस्था कलमाच्या विरोधात आणि गृहखातं कलमाच्या बाजूने, असा एकाच सरकारचा दुभंग तिथे दिसला. २००९मध्ये अनुकूल निकाल मिळाला, २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी घटनापीठाने संमतीने एकत्र येणाऱ्या प्रौढांपुरतं ते कलम गुन्ह्याच्या यादीतून काढलं, तेही प्रतिष्ठा आणि जोडीदार निवडण्याचा हक्क या आधारावर. रोगाच्या युक्तिवादाने दार किलकिलं झालं होतं, माणूसपणाच्या युक्तिवादाने ते उघडलं.

आणि तरीही २०१७च्या राष्ट्रीय रक्तदाता निवड मार्गदर्शक तत्त्वांनी पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांना आणि तृतीयपंथीयांना रक्तदानास कायमची बंदी केलेली आहे. त्यांच्याबाबत कृती कोणती, कधी, कंडोमसह की त्याविना, हे विचारलं जात नाही. माणूस कोण एवढंच विचारलं जातं. दहा वर्षं एकाच जोडीदाराबरोबर राहणारा पुरुषही त्यात बाद होतो. ही बंदी सर्वोच्च न्यायालयात आव्हानित आहे आणि केंद्र सरकारने तिचं समर्थन केलं आहे. ब्रिटनने २०२१मध्ये आणि अमेरिकेने २०२३मध्ये दात्याच्या ओळखीऐवजी प्रत्येकाच्या अलीकडच्या लैंगिक वागणुकीबद्दल सगळ्यांना सारखेच प्रश्न विचारण्याची पद्धत आणली. आपल्या रक्तपेढ्यांनीही येणाऱ्या प्रत्येकाला, पुरुष असो की स्त्री, समलिंगी असो की नसो, तोच अर्ज द्यावा आणि त्याच्या उत्तरांवरून निर्णय घ्यावा.